टायटॅनिक: अफवा किती, पुरावा किती

तुम्ही विचारले आहे की टायटॅनिकबद्दल लहानपणापासून कानावर पडलेल्या गोष्टींपैकी कोणत्या खऱ्या मानायच्या. कधीच न बुडणारे जहाज, वेगाच्या विक्रमाची शर्यत, दुर्बिणीच्या कपाटाची किल्ली, ठिसूळ पोलाद, बंकरमधली आग, तिसऱ्या वर्गाला कोंडून घातले, जहाजांची अदलाबदल, ममीचा शाप अशी तुमची यादी बरीच लांब आहे. मी व्यापारी जहाजांवर अधिकारी आणि पुढे कप्तान म्हणून काम केले. नंतर अपघातांच्या चौकशांची कागदपत्रे वाचण्याचे काम माझ्याकडे आले. त्यामुळे उत्तर देताना १९१२ मध्ये अमेरिकेच्या सिनेटने आणि ब्रिटनमध्ये लॉर्ड मर्सी यांनी घेतलेल्या साक्षी, १९८५ नंतर समुद्रतळावर सापडलेले पुरावे आणि ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, उभे राहून कळणाऱ्या गोष्टी, या तिन्हींचा आधार घेतो.

आधी ज्यांत फार वेळ घालवू नये त्या गोष्टी. ममी जहाजावर नव्हतीच. ज्या वस्तूला 'अपशकुनी ममी' म्हणतात ते शवपेटीवरचे रंगवलेले लाकडी झाकण आहे आणि १९१२ मध्ये ते ब्रिटिश म्युझियममध्येच होते. पत्रकार डब्ल्यू. टी. स्टेड हे तिच्या भुताच्या गोष्टी रंगवून सांगत. ते टायटॅनिकवर होते आणि बुडाले, म्हणून दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्या. एसओएस हा संकेत टायटॅनिकने प्रथम वापरला हेही चूक, तो १९०९ मध्येच वापरात आला होता.

अदलाबदलीची कथा सांगते की ऑलिंपिक हे जुळे जहाज सप्टेंबर १९११ मध्ये हॉक या युद्धनौकेशी टक्कर होऊन निकामी झाले, म्हणून विम्यासाठी त्यालाच टायटॅनिकचे नाव देऊन बुडवले. पण टायटॅनिक बांधायला सुमारे १५ लाख पौंड लागले होते आणि विमा होता १० लाखांचा. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत ऑलिंपिकचा क्रमांक ४०० आणि टायटॅनिकचा ४०१ होता, आणि अवशेषांतल्या जहाज ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यावर ४०१ कोरलेले आहे. 'निकामी' ऑलिंपिक तर १९३५ पर्यंत चालले. पहिल्या महायुद्धात त्याने एका जर्मन पाणबुडीला धडक देऊन बुडवलेसुद्धा.

आता 'कधीच न बुडणारे' या शब्दांकडे वळू. यात थोडे तथ्य आहे, आणि ते नेमके किती हे पाहिले पाहिजे. काही जण सांगतात की असा दावा कोणी केलाच नव्हता, सगळे बुडाल्यानंतर वर्तमानपत्रांनी रचले. तेही बरोबर नाही. १९११ मध्ये जहाजबांधणीच्या एका व्यावसायिक नियतकालिकाने या जहाजांना 'जवळजवळ न बुडणारी' म्हटले होते. मजकूर ब्रिजवरून बंद करता येणाऱ्या जलरोधक दारांविषयी होता. 'जवळजवळ' हा शब्द पुढे गळून पडला. १५ एप्रिलच्या सकाळी व्हाइट स्टार कंपनीचे न्यूयॉर्कमधले उपाध्यक्ष फिलिप फ्रँकलिन यांनी वार्ताहरांना सांगितले की आमच्या मते हे जहाज बुडू शकत नाही. तेव्हा ते बुडून काही तास उलटले होते. आणि टायटॅनिकचे कप्तान एडवर्ड स्मिथ यांनी १९०७ मध्येच म्हटले होते की आधुनिक जहाज बुडावे अशी परिस्थिती त्यांना कल्पनेतही येत नाही. जाहिरातीतला एखादा शब्द मला तितकासा खुपत नाही. त्या धंद्यातल्या कसलेल्या माणसांच्या मनात हा भरवसा मुरला होता, हे जास्त गंभीर आहे.

वेगाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. अटलांटिकचा विक्रम तेव्हा मॉरिटानिया या जहाजाकडे होता, सुमारे २६ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). टायटॅनिकची यंत्रे कितीही ताणली तरी २३-२४ नॉटच्या पुढे जाणारी नव्हती. त्यामुळे विक्रमाची शर्यत ही कल्पनाच मुळात चूक. टक्कर झाली तेव्हा वेग सुमारे २२ नॉट होता आणि २९ बॉयलरपैकी पाच पेटवलेले नव्हते. मात्र बुधवारी सकाळऐवजी मंगळवारी रात्रीच न्यूयॉर्क गाठता येईल, असे बोलणे जहाजावर चालले होते. कंपनीचे प्रमुख ब्रूस इस्मे यांनी कप्तानाला वेग वाढवायला लावला का, यावर आजही वाद होतो.

माझ्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळाच आहे. समोर बर्फ आहे हे दिवसभर कळत असताना वेग कमी का केला नाही? कॅरोनिया, बाल्टिक, कॅलिफोर्नियन, मेसाबा अशा अनेक जहाजांनी तारायंत्राने इशारे दिले होते. बाल्टिकचा संदेश स्मिथ यांनी इस्मे यांच्या हाती दिला आणि तो काही तास त्यांच्या खिशात राहिला. मेसाबाचा रात्री ९.४० चा संदेश ब्रिजपर्यंत पोहोचलाच नाही. तारायंत्रावर बसणारे दोघे मार्कोनी कंपनीचे नोकर होते आणि प्रवाशांच्या खासगी तारांचा ढीग उपसत होते. पण हे हरवलेले कागद बाजूला ठेवले तरी ब्रिजवर पुरेशी माहिती होती. टेहळ्यांना बर्फावर लक्ष ठेवायची सूचना दिलेली होती. तरीही वेग तोच राहिला, कारण हवा स्वच्छ असेल तर वेग कायम ठेवायचा, डोळे उघडे ठेवायचे आणि बर्फ दिसला की वळायचे हीच त्या मार्गावरची वर्षानुवर्षांची वहिवाट होती. मर्सी यांच्यापुढे एकामागून एक अनुभवी कप्तान हेच सांगून गेले. वेगळे बोलले ते ध्रुवप्रदेशात वावरलेले अर्नेस्ट शॅकल्टन. बर्फाच्या पट्ट्यात वेग कमीच करायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. मर्सी यांनी अहवालात लिहिले की टायटॅनिकच्या बाबतीत जी चूक ठरली, तीच पुढे कोणाच्या हातून घडली तर तो निःसंशय निष्काळजीपणा ठरेल. मला हे या सगळ्या प्रकरणातले सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटते. त्या रात्री स्मिथ यांनी वेडे साहस केले नाही. त्यांनी सगळे करत तेच केले, आणि दंतकथांना नेमके हेच पचत नाही. त्यांना किल्ली विसरणारा, जहाज बदलणारा, चुकीकडे चाक फिरवणारा असा कोणीतरी एक दोषी हवा असतो.

किल्लीची गोष्ट तशी खरी आहे. साउदम्प्टनला ऐनवेळी अधिकाऱ्यांच्या हुद्द्यांत फेरबदल झाला, डेव्हिड ब्लेअर यांना उतरावे लागले आणि एक किल्ली त्यांच्याकडेच राहिली. २००७ मध्ये तिचा ९०,००० पौंडांना लिलाव झाला. टेहळ्या फ्रेडरिक फ्लीट याने अमेरिकन चौकशीत सांगितले की दुर्बीण असती तर हिमनग थोडा आधी दिसला असता, वळून निघण्याइतका आधी. हे त्याचे प्रामाणिक मत असेल, पण रात्रीच्या टेहळणीचे काम दुर्बीण करत नाही. दुर्बिणीतून दिसतो आकाशाचा आणि पाण्याचा लहानसा तुकडा. क्षितिजभर नजर फिरवून काहीतरी हेरायचे ते नुसत्या डोळ्यांनी, आणि हेरल्यावर ते काय आहे हे पाहायला दुर्बीण. ब्रिजवरच्या अधिकाऱ्यांकडे दुर्बिणी होत्याच. शिवाय त्या रात्री चंद्र नव्हता आणि समुद्र इतका निवांत होता की हिमनगाच्या पायथ्याशी फुटणारी पांढरी लाटही नव्हती. रात्री बर्फ दिसतो तो बहुतेकदा त्या फेसामुळे. ज्याने ब्रिजवर मध्यरात्रीचा वॉच (पहारा) केला आहे त्याला सपाट, काळा, बिनवाऱ्याचा समुद्र किती फसवा असतो हे सांगावे लागत नाही.

चाक उलट फिरवल्याचा दावा २०१० मध्ये पुढे आला. बुडण्यातून वाचलेले सेकंड ऑफिसर चार्ल्स लाइटोलर यांच्या नातीने तो केला. टक्करीच्या वेळी ब्रिजवर असलेले फर्स्ट ऑफिसर विल्यम मर्डोक यांचा हुकूम होता 'हार्ड अ स्टारबोर्ड', म्हणजे सुकाण्याचा दांडा उजवीकडे, म्हणजे जहाज डावीकडे. आज हे विचित्र वाटते, कारण हुकूम देण्याची ही जुनी पद्धत पुढे बदलली. पण त्या काळी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हीच एकमेव पद्धत होती. चाकावरचा रॉबर्ट हिचेन्स त्यात मुरलेला होता. चाक पूर्ण फिरवले आणि जहाजाचे तोंड दोन पॉइंट (सुमारे साडेबावीस अंश) डावीकडे वळले, असे त्याने साक्षीत सांगितले. हिमनग उजव्या बाजूला घासला हे तर कोणीच नाकारत नाही. उलट वळले असते तर असे झाले नसते. पुढे चौकशीसाठी ऑलिंपिकवर चाचणी घेतली, तेव्हा दोन पॉइंट वळायला ३७ सेकंद लागले. तेवढ्या वेळात जहाज सव्वाचारशे मीटर पुढे गेलेले असते.

समोरून आदळले असते तर वाचले असते का? जहाजाच्या रचनाकारांपैकी एडवर्ड वाइल्डिंग यांनी 'हो' म्हटले. नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, ८० ते १०० फूट भाग चेपला असता, तिथे झोपलेले बरेच खलाशी आणि फायरमन (बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे) मेले असते, पण जहाज तरंगत राहिले असते. गणित पटण्यासारखे आहे. पण यावरून मर्डोक यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. समोर अडथळा दिसल्यावर तो चुकवायचा नाही, असे ठरवून माणसांनी भरलेल्या नाळेवर तो घेणारा अधिकारी जगात कुठे सापडेल?

जहाजाला ३०० फूट लांबीची चीर पडली, हे पाठ्यपुस्तकांतही घुसलेले चित्र आहे. लांबी साधारण तेवढी आहे, चीर मात्र नाही. वाइल्डिंग यांनी १९१२ मध्येच हिशेब केला होता: जहाजाचे जलरोधक खण ज्या गतीने भरले त्यावरून सगळ्या छिद्रांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे १२ चौरस फूटच असले पाहिजे. एका दाराइतकेही नाही. १९९६ मध्ये गाळात रुतलेल्या नाळेची ध्वनिलहरींनी तपासणी झाली, तेव्हा सहा अरुंद फटी आढळल्या. पत्र्यांचे जोड उघडले होते. जहाजात १५ आडव्या भिंती आणि १६ खण होते. पुढचे चार भरले तरी ते तरंगले असते. पण पुढचे पाच खण आणि सहाव्यात थोडेसे असे पाणी शिरले. त्या भिंती वरच्या डेकपर्यंत नेलेल्या नव्हत्या. नाळ खाली गेली की एका खणातले पाणी भिंतीवरून पुढच्या खणात सांडू लागे. यात गूढ काही नाही, भिंतींची उंची कमी होती. ऑलिंपिकच्या भिंती त्यानंतर उंचावल्या गेल्या.

पोलाद आणि पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांबद्दल (धातूच्या खिळ्यांबद्दल) लोक टोकाचे बोलतात. अवशेषांतून काढलेल्या तुकड्यांच्या चाचण्यांत ते पोलाद थंडीत ठिसूळ होणारे निघाले, आणि त्या रात्री पाणी शून्याच्या खाली, उणे दोन अंशांच्या आसपास होते. धातुतज्ज्ञ टिम फोके यांना नाळेकडच्या काही लोखंडी रिव्हेटांत मळीचे (लोखंड गाळताना उरणाऱ्या अशुद्धीचे) प्रमाण खूप जास्त आढळले. हे निष्कर्ष मी मानतो. जोड उघडण्यात रिव्हेटांचा वाटा असणे अगदी शक्य आहे. पण 'स्वस्तातला माल वापरला' हा आरोप त्यातून निघत नाही. १९११ मध्ये जहाजांना मिळणारे पोलाद तसलेच होते, आणि तशाच मालाने बांधलेले ऑलिंपिक पाव शतक समुद्रात राहिले.

बंकरमधली आगही खरी आहे. साउदम्प्टन सोडण्याआधीपासून पाचव्या आणि सहाव्या बॉयलर खोल्यांमधल्या एका बंकरमध्ये कोळसा धुमसत होता. फायरमन फ्रेडरिक बॅरेट याने साक्षीत सांगितले की बंकर रिकामा केल्यावर भिंतीचा खालचा भाग वाकलेला दिसला. म्हणजे हे गुपित नव्हते, १९१२ च्या चौकशीत ते उघडपणे विचारले गेले. २०१७ मध्ये एका जुन्या छायाचित्रातला काळा डाग दाखवून आगीने जहाज बुडवले असा दावा झाला. तो डाग बंकरच्या जागेच्या बराच पुढे आहे. महत्त्वाचे म्हणजे ती भिंत आगीने कमजोर झाली असेल आणि नंतर ढासळली असेल, असे धरले तरी तिच्या पुढचे पाच खण आधीच भरत होते. जहाज जायचेच होते. काही मिनिटे इकडेतिकडे झाली असतील, एवढेच.

लाइफबोटींविषयी मला सर्वांत जास्त बोलावेसे वाटते. २० बोटी, १,१७८ जागा, आणि जहाजावर सुमारे २,२०० माणसे. कंपनीने कायदा मोडला ही समजूत चुकीची. ब्रिटिश बोर्ड ऑफ ट्रेडचा नियम १८९४ चा. १०,००० टनांवरच्या कोणत्याही जहाजाला १६ बोटी पुरत. टायटॅनिक ४६,३२८ टनांचे होते. नियम जहाजांच्या मागे पडला होता आणि कंपनीने त्याहून चार बोटी जास्त ठेवल्या होत्या. कायदा पाळूनही जवळपास निम्म्या माणसांना जागा नव्हती.

पण 'बोटी पुरेशा असत्या तर सगळे वाचले असते' हेही घाईचे विधान आहे. टक्कर ११.४० ला झाली. पहिली बोट उतरली साधारण तासाभराने, ६५ जणांच्या बोटीत २८ माणसे घेऊन. एक नंबरच्या बोटीत ४० ची जागा होती आणि १२ जण बसले. शेवटची बोट २.०५ च्या सुमाराला उतरली आणि जहाज २.२० ला गेले. तोवर होत्या त्या २० पैकी दोन घडीच्या बोटी नीट सोडताही आल्या नाहीत, त्या पाण्याबरोबर वाहत गेल्या. ४०० हून जास्त जागा रिकाम्या राहिल्या. प्रवाशांची बोटीची कवायत झाली नव्हती, सूचना सांगायला ध्वनिक्षेपक नव्हते. बोट भरून खाली सोडली तर ती मध्ये मोडेल, अशी अधिकाऱ्यांना भीती होती. बोटी पूर्ण वजनासह तपासलेल्या आहेत, हे लाइटोलर यांना कोणी सांगितलेच नव्हते. 'आधी स्त्रिया आणि मुले' या हुकुमाचा अर्थही दोन बाजूंना दोन प्रकारे लावला गेला. डाव्या बाजूला लाइटोलर पुरुषांना जवळजवळ बसूच देत नव्हते. उजव्या बाजूला मर्डोक जवळपास स्त्रिया नसतील तर पुरुषांना घेत. नवऱ्याचा जीव वाचेल की नाही, हे तो डेकच्या कोणत्या बाजूला उभा आहे यावर ठरले.

तिसऱ्या वर्गाला कोंडून मारले का? ठरवून तसा हुकूम दिल्याचा पुरावा नाही. अमेरिकेच्या आरोग्य आणि स्थलांतराच्या नियमांमुळे वर्ग वेगळे ठेवणारे अडथळे होते. काही वाचलेल्यांनी आपल्याला फाटकावर अडवले, असे सांगितले, आणि त्यांना खोटे ठरवायचे मला कारण दिसत नाही. मर्सी यांनी अहवालात भेदभाव झाला नाही असे लिहिले, पण त्यांच्यापुढे तिसऱ्या वर्गाचा एकही प्रवासी साक्षीला बोलावला गेला नाही. त्यामुळे त्या निष्कर्षाला मी फार वजन देत नाही. आकडे पाहा. पहिल्या वर्गाचे सुमारे ६२ टक्के वाचले, दुसऱ्याचे ४१, तिसऱ्याचे २५. पहिल्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या स्त्रिया वाचल्या, तिसऱ्यातल्या निम्म्याहूनही कमी. तिसऱ्यातली दोन तृतीयांश मुले गेली. त्याच वेळी दुसऱ्या वर्गातले पुरुष तिसऱ्या वर्गातल्या पुरुषांहूनही कमी वाचले, जेमतेम आठ टक्के. साधी फाटकांची गोष्ट असती तर हे घडले नसते. तिसऱ्या वर्गाच्या खोल्या खाली आणि दोन टोकांना, बोटी वरच्या डेकवर, आणि तिथवर नेणारी सरळ वाटच नव्हती. पुष्कळांना इंग्रजी येत नव्हते. जॉन हार्ट या स्टुअर्डने दोन वेळा स्त्रियामुलांचे गट गोळा करून वर नेले. तसे नेणारे आणखी दहा जण नेमलेले असते, तर आकडे वेगळे दिसले असते. कुलुपाइतकाच नेमणूक न करण्यानेही जीव जातो, आणि माझ्या मते तिसऱ्या वर्गाची खरी तक्रार ही आहे.

जहाज दुभंगले की अखंड बुडाले, हा प्रश्न आता सुटला आहे. १७ वर्षांच्या जॅक थेयरसह अनेकांनी ते तुटताना पाहिल्याचे सांगितले होते. अधिकाऱ्यांनी अखंड बुडाल्याचे सांगितले आणि ब्रिटिश चौकशीने त्यांचेच मानले. १ सप्टेंबर १९८५ ला रॉबर्ट बॅलर्ड आणि जाँ-लुई मिशेल यांच्या पथकाला अवशेष सापडले. सुमारे ३,८०० मीटर खोल, नाळ आणि पिछाडी एकमेकींपासून अंदाजे ६०० मीटर दूर. वादकांचे शेवटचे गीत कोणते, यावर मात्र एकमत होणार नाही. तारायंत्रवाला हॅरल्ड ब्राइड याने एक सांगितले, इतरांनी दुसरे. वॉलेस हार्टली आणि त्यांचे सात सहकारी वाजवत राहिले आणि आठही जण बुडाले, एवढे पक्के.

शेवटी कॅलिफोर्नियन, कारण तुम्ही विचारले आहे की त्या जहाजाचे कप्तान स्टॅन्ली लॉर्ड यांनी सगळ्यांना मुद्दाम मरू दिले का. त्यांचे जहाज बर्फामुळे रात्रीपुरते थांबले होते. त्यांचा तारायंत्रवाला सिरिल इव्हान्स याने अकराच्या सुमाराला टायटॅनिकला तसे कळवले, पण तिकडचा जॅक फिलिप्स तारांच्या कामात बुडालेला होता आणि त्याने इव्हान्सला गप्प केले. इव्हान्स यंत्र बंद करून झोपला. एकच तारायंत्रवाला असलेल्या जहाजावर हे रीतीला धरूनच होते. नंतर ब्रिजवरच्या हर्बर्ट स्टोन आणि जेम्स गिब्सन यांनी आठ पांढरे रॉकेट पाहिले आणि कप्तानाला कळवले. लॉर्ड यांनी दिव्याने मोर्स करत राहायला सांगितले. इव्हान्सला पहाटेपर्यंत कोणी उठवले नाही. रात्री आकाशात रॉकेट दिसल्यावर तारायंत्रवाल्याला जागे न करणे, याचे समर्थन मी कधीही करणार नाही. पण टायटॅनिक बुडण्याआधी ते तिथे पोहोचले असते का? ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने १९९२ मध्ये हा प्रश्न पुन्हा तपासला. रॉकेट टायटॅनिकचेच होते आणि योग्य कृती झाली नाही, हे त्यांनी मान्य केले. तरी अंतर पाहता कॅलिफोर्नियन वेळेत पोहोचणे संभवत नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

अंतराच्या या घोळात आणखी एक गोष्ट दडलेली होती. टायटॅनिकच्या मदतीच्या हाकेत दिलेली जागाच चुकली होती. अवशेष तिच्यापासून सुमारे १३ सागरी मैल पूर्वेला सापडले. मदतीला धावलेल्या कार्पेथिया जहाजाचे कप्तान आर्थर रॉस्ट्रन यांनी दिलेल्या जागेपर्यंतचे अंतर ५८ मैल मोजले होते. १४ नॉटच्या जहाजाने साडेतीन तासांत ते कापले आणि साडेसतरा नॉटपर्यंत वेग गाठला, अशी कथा त्यातून निघाली. प्रत्यक्षात ते आग्नेयेकडून येत होते, त्यामुळे बोटी त्यांना त्या जागेच्या आधीच भेटल्या आणि कापलेले अंतर दहाएक मैलांनी कमी होते. वेगाचा तो आकडा सोडून द्यावा लागतो. पण अंधारात, बर्फातून, जास्तीचे टेहळे उभे करून, डॉक्टर, गरम पेये आणि शिड्या आधीच तयार ठेवून ते पहाटे चारला तिथे पोहोचले आणि ७०० हून जास्त माणसे वर घेतली. कार्पेथियाचा तारायंत्रवाला हॅरल्ड कॉटम याने झोपण्यापूर्वी कानावरचे यंत्र थोडा वेळ तसेच ठेवले होते, म्हणून ती हाक ऐकू आली. १९१४ च्या आंतरराष्ट्रीय करारात प्रवासी जहाजांवर तारायंत्राचा अखंड वॉच, सर्वांना पुरतील इतक्या बोटी आणि उत्तर अटलांटिकमध्ये बर्फाची गस्त ही कलमे आली, ती या रात्रीमुळे.